शून्य तासाला माझं नाव नको

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्षमहोदय, आदरणीय मुख्याध्यापक सर, संस्थेचे विश्वस्त, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, कार्यालयातले आमचे भाऊसाहेब, घंटेपाशी उभे असलेले शिपाईमामा, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोघीजणी, आणि समोर सतरंजीवर बसवलेल्या नववी-दहावीच्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मित्रांनो म्हटलं, पण तुमच्यातले निम्मे मला ऐकत नाहीयेत हे मला इथून दिसतंय. सकाळचे सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत. तिसऱ्या रांगेतल्या एकाची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडली आहे. क्रीडाशिक्षक, तुम्ही त्याला उठवायला निघालात ते पाहिलं मी. बसा खाली. झोपू द्या त्याला.

माझा निरोप समारंभ शून्य तासाला ठेवला याबद्दल संस्थेचे आभार. इतर तास बुडवायचे नाहीत हे आपलं धोरण आहे, आणि ते धोरण माझंच आहे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. शाळेचा पहिला तास साडेसातला. त्याच्या आधी सहा वीस ते सात दहावीचा जादा तास असतो, त्याला आम्ही शून्य तास म्हणतो. दर पंधरवड्याची चाचणी परीक्षासुद्धा याच तासाला, म्हणजे बाकीचे विषय मागे पडत नाहीत. सहा वर्षांपूर्वी ही कल्पना मी मांडली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एक मिनिटही उशिरा आले नाही, मुलं मला घड्याळबाई म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान होता. मला वाटायचं, मी उठू शकते तर यांना काय धाड भरली आहे?

अध्यक्षमहोदयांनी आत्ताच दोन घोषणा केल्या. सोमवारपासून शून्य तास आणखी वीस मिनिटं अलीकडे, म्हणजे सहाला. आणि त्या तासाला माझं नाव द्यायचं, माझ्या स्मरणार्थ. साहेब बोलण्याच्या ओघात स्मरणार्थ म्हणाले. मी अजून धडधाकट आहे, पण ते जाऊ द्या. मी इथे दोन शब्द मनोगत म्हणून बोलणार होते. कागदावर लिहूनही आणले होते, गोड गोड. पण मानपत्राचं वाचन झालं आणि त्यातली सातवी ओळ ऐकली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद मी पर्समध्ये ठेवून दिला आहे.

सातवी ओळ अशी आहे: "बाईंनी गतवर्षी चाचणी परीक्षेतील कॉपीचे प्रकरण अत्यंत दक्षतेने उघडकीस आणून शाळेची प्रतिष्ठा राखली." सुंदर अक्षरात लिहिलंय. चौकटही चांगली केली आहे. ही ओळ खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे व्यासपीठावरच्या किमान दोघांना गेले दहा दिवस माहीत आहे.

काय झालं होतं ते ऐका. गेल्या वर्षी पहिल्या सत्रात दहावी ब ची गणिताची चाचणी होती, पंचवीस मार्कांची. सकाळी सहाला मी पेपर छापायला दिला आणि कार्यालयातलं छपाईचं यंत्र अडलं. कागद गुंडाळून आत जाऊन बसला. मूळ पेपर शिपाईमामांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. माणूस येऊन यंत्र दुरुस्त व्हायला पावणेअकरा झाले. तेव्हा चाचणी सव्वाअकराला घेतली, मोठ्या सुट्टीनंतर. इतकंच झालं. चाचणी पाच तास उशिरा झाली.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव मी इथे घेणार नाही, वर्गात तिला सगळे डुलकी म्हणायचे. ते नाव कुणी ठेवलं? मी. जूनमध्ये दुसऱ्याच दिवशी तिची मान वहीवर गेली तेव्हा मी म्हटलं, या आमच्या डुलकीताई. वर्ग हसला, मलाही बरं वाटलं. विनोद केला की आम्हा गणितवाल्यांना फार बरं वाटतं. वर्षभर ती पोर त्या नावाला ओ देत राहिली.

डुलकीचे त्याआधीचे चाचणीतले मार्क सहा, आठ आणि सात. त्या दिवशी बावीस. वर्गाची सरासरी एरवी अकराच्या आसपास असते, त्या दिवशी सतरा. पेपर तपासताना मला आनंद व्हायला हवा होता की नाही? इतकी मुलं वर आली, बाईंनी पेढे नाही तरी शाबासकी वाटायला हवी होती. मला आनंद झाला नाही. मला संशय आला. माझ्याच शिकवण्याचं फळ माझ्या हातात पडलं आणि मी म्हटलं, हे चोरीचं दिसतंय.

मग मी छडा लावला. पेपर सकाळभर कार्यालयात होता. त्या वेळात वर्गातलं कोण कार्यालयात गेलं होतं? डुलकी गेली होती, दहाच्या सुमाराला, हजेरीपट आणायला. तिला कुणी पाठवलं होतं? मीच. ती पेंगत होती म्हणून मी म्हटलं, जा, हजेरीपट घेऊन ये, जरा पाय मोकळे होतील. हे मी चौकशी समितीत सांगितलं का? सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि संधी साधली असं लिहिलं. शिपाईमामा शपथेवर सांगत होते की पेपर कुलपाबाहेर आलाच नाही, किल्ली माझ्या कमरेला होती. आम्ही त्यांना म्हटलं, मामा, तुमचं आता वय झालं, लक्षात राहत नाही. मामा, मी आज तुमची माफी मागते. तुमचं सगळं लक्षात होतं.

तरी आम्ही स्वतःला फार न्यायी समजत होतो. म्हटलं, फेरपरीक्षा घेऊ, दूध का दूध होईल. दुसऱ्या दिवशी तेवढाच अवघड पेपर काढला. कधी घेतला? नेहमीच्या वेळेला. सहा वीसला. वर्गाची सरासरी दहा, डुलकीला सात. झालं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि म्हटलं, बघा, पितळ उघडं पडलं. अहवाल मी लिहिला. शेवटी लिहिलं, इति सिद्धम्. भूमितीच्या सिद्धतेखाली लिहितात तसं. इतकी मी खूश होते माझ्यावर.

तिला आम्ही विचारलं होतं, तुला काही सांगायचंय का. समितीत आम्ही पाचजण टेबलाच्या एका बाजूला आणि ती पंधरा वर्षांची पोर दुसऱ्या बाजूला उभी. रडली नाही. तिनं एकच वाक्य सांगितलं.

"बाई, अकरा वाजता मला जाग आलेली असते."

अहवालात मी लिहिलं: विद्यार्थिनीने उडवाउडवीची उत्तरे दिली. एकाच वाक्याची मी उत्तरे केली. त्या वाक्यात सगळी सिद्धता होती, एकही पायरी गाळलेली नव्हती, आणि मी ती तपासायच्या आधीच काट मारली.

नंतर तिच्या आईला बोलावलं. शिवणकाम करतात त्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावरचा गणवेश त्यांच्या मशीनवर शिवलेला आहे. त्या म्हणाल्या, मुलगी दहाला अंथरुणावर पडते, पण तिला साडेअकरापर्यंत झोपच येत नाही हो, नुसती कूस बदलत असते, आणि पाचला मी तिला उठवते तेव्हा मेल्यासारखी झोपलेली असते. आम्ही म्हटलं, मोबाईल बघत असेल. त्या म्हणाल्या, घरात मोबाईल एकच आहे आणि तो माझ्या उशाशी असतो. आम्ही म्हटलं, लवकर झोपायची सवय लावा. आमच्याकडे उत्तरं तयारच असतात.

आणि असं नाही की आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांचं याच सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं. ते म्हणाले, या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा लागते, त्यात पोरांचा दोष नाही. आठ-नऊ तास झोप झाली नाही तर लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, चिडचिड होते. हे व्याख्यान आम्ही कधी ठेवलं होतं, ओळखा बघू? सहा वीसला. मुलं झोपली होती, आम्ही शिक्षक वह्या तपासत होतो. मुख्याध्यापक सरांनी बहुमोल मार्गदर्शनाबद्दल आभार मानले आणि घंटा झाली.

बरं, मला स्वतःला तरी कुणी सांगायला हवं होतं का? मी माझ्या मुलाला दहा वर्षं तोंडावर पाणी मारून उठवलंय. आज तो बस डेपोत चालकांच्या ड्यूट्या लावतो. डुलकीचं प्रकरण मी घरी मोठ्या कौतुकानं सांगत होते, तर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आई, आमच्याकडे रात्रीची विश्रांती पुरी झाली नसेल तर चालकाला गाडीची किल्ली देत नाहीत. तू त्या पोरांना पेपर देतेस." मी त्याला म्हटलं, तुला शाळेतलं काय कळतं. तो ताट उचलून आत गेला.

मग मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागला. डुलकीला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. केंद्र दुसऱ्या शाळेत, पर्यवेक्षक परके, समोर भिंत, मागे भिंत. कुठे कॉपी करणार? आणि बोर्डाचा पेपर सुरू होतो किती वाजता? अकरा वाजता.

त्या दिवशी मी निकालाचा कागद हातात धरून स्टाफरूममध्ये बसून राहिले. आपल्याकडे दरवर्षी म्हटलं जातं ना, आमच्या शाळेत तपासणी कडक, म्हणून आमच्या मुलांचे मार्क बोर्डात वाढतात. मीही म्हणायचे, कॉलर ताठ करून. आता कुणी म्हणेल, बोर्डाला मुलं जास्त अभ्यास करतात. करतात, मान्य. म्हणून मी बोर्ड बाजूला ठेवलं आणि सहा वर्षांच्या चाचण्यांचे माझेच मार्कपट काढले. सहा वर्षांत चाचणी उशिरा घ्यावी लागली अशी वेळ तीनदा आली. एकदा वीज नव्हती, एकदा सभागृह मोकळं नव्हतं, एकदा यंत्र अडलं. तिन्ही वेळा मार्क वाढले. पहिल्या वेळी माझ्याच अक्षरात शेरा आहे, पेपर सोपा निघाला. दुसऱ्या वेळी शेरा आहे, पर्यवेक्षण ढिले. तिसऱ्या वेळी कॉपी. मुलांनी तीनदा सांगितलं की आम्ही जागे असलो की आम्हाला येतं, आणि मी तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणावर तरी खापर फोडलं. ही चूक एखाद्या ढ माणसाच्या हातून झाली नसती. त्यासाठी हुशारी लागते, आणि मार्कपट नीट ठेवायची सवय लागते.

इथपर्यंत राग माझा माझ्यावर आहे. यापुढचा तुमच्यावर आहे.

दहा दिवसांपूर्वी मी मुख्याध्यापक सरांकडे गेले. सांगितलं, माझा अहवाल चुकीचा होता, मला तो मागे घ्यायचाय. त्या मुलीला यंत्रदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवाय. तिथे शाळा सोडल्याचा दाखला बघतात, आणि आपल्या दाखल्यावर वर्तनापुढे 'असमाधानकारक' लिहिलंय, माझ्या अहवालामुळे. हा शेरा बघून तिथल्या बाबूंनी तिचा अर्ज टेबलावरूनच परत केला. प्रवेशाची शेवटची तारीख उद्या आहे. सर मला म्हणाले, जाता जाता कशाला बाई, तुमच्याच नावाला बट्टा लागेल. फार काळजीनं म्हणाले. मी म्हटलं, लागू दे. तर म्हणाले, बघू.

बघू म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. सोमवारी मी अर्ज घेऊन गेले, आवक नोंदवही साहेबांच्या सहीला गेली होती. बुधवारी गेले, शिक्का सापडत नव्हता. शुक्रवारी गेले, तर सांगितलं, निरोप समारंभ होऊन जाऊ द्या, मग निवांत बसू. निवांत! आपल्या नियमावलीत लिहिलंय की चौकशीचा अहवाल ज्यानं लिहिला त्यालाच मागे घेता येतो, आणि तोही सेवेत असेपर्यंत. माझी सेवा आज संपते. उद्या मी कोण? रस्त्यानं जाणारी एक म्हातारी. त्यानंतर तुम्ही मला चहा पाजून निवांत बसवलं असतं आणि म्हणाला असतात, आता काय करणार बाई, नियमात बसत नाही.

अध्यक्षमहोदय, तुम्ही मुख्याध्यापकांच्या कानात काही बोलताय. चिठ्ठी पाठवायची गरज नाही, वेळ संपत आल्याचं मला कळतं. घड्याळबाई आहे मी. पण एकतीस वर्षांत मी एकही तास घंटेआधी सोडला नाही, आजचाही सोडणार नाही. सात वाजायला अजून अकरा मिनिटं आहेत.

तुम्हाला शाळेच्या प्रतिष्ठेची काळजी आहे. ती कुठे राहते ही प्रतिष्ठा? एका पोरीच्या दाखल्यावरच्या एका शब्दात? प्रकरण खोटं होतं हे कळल्यावर तुम्ही काय केलंत? ते मानपत्रात घातलंत, चौकट करून. म्हणजे माझ्याच हातानं मी ते स्वीकारावं, फोटो काढावा, आणि मग माझं तोंड कायमचं बंद. साहेब, हे मानपत्र मी घेत नाही. हार आणि गुच्छ ठेवून घेते, फुलांनी काही केलेलं नाही.

हा माझा अर्ज. एकच पान आहे, वाचून दाखवते. "मी, दहावी ब ची वर्गशिक्षिका आणि परीक्षा विभागप्रमुख, गतवर्षीच्या गणित चाचणीविषयीचा माझा चौकशी अहवाल चुकीच्या निष्कर्षामुळे पूर्णपणे मागे घेत आहे. कॉपी झालेली नव्हती. मुले त्या दिवशी जागी होती." खाली माझी सही आणि आजची तारीख. अध्यक्षमहोदय, हा मी तुमच्या हातात देते आहे, अडीचशे माणसांसमोर. घ्या. हात पुढे करा साहेब, कागदच आहे, चावत नाही.

घेतलात. आभारी आहे.

आता मला याची पोच हवी, ही माझ्याकडची दुसरी प्रत. शिक्का सापडत नाही असं ऐकलं होतं. भाऊसाहेब, तुमच्या कार्यालयातला शिक्का तुम्हाला कुठे दिसतोय का बघा.

भाऊसाहेब उठले. मुलांनो, जे जागे असतील त्यांनी बघून ठेवा. बावीस वर्षं हा माणूस सभेत एक शब्द बोलला नाही. नियमावलीचं ते पान मला यांनीच दाखवलं, तोंडानं काही न बोलता, नुसतं पुस्तक उघडून टेबलावर ठेवून चहाला गेले. शिक्का खिशात आहे त्यांच्या. शाईची डबीसुद्धा आणली आहे. मारा, इथेच मारा, या मानपत्राच्या चौकटीवर कागद ठेवून मारा, पाठ चांगली टणक आहे.

झालं. आणि हा दाखला, भाऊसाहेबांनी काल घरी बसून नव्यानं लिहिलेला. वर्तन: उत्तम. वर्गशिक्षिकेच्या सहीची जागा रिकामी होती, ती मी आत्ता भरते आहे. मुख्याध्यापक सर, तुमच्या सहीची जागा खाली आहे. मी पेन धरून उभी आहे. मी अकरापर्यंत उभी राहू शकते, मला गुडघेदुखी नाही.

धन्यवाद सर. तारीखही घाला.

ताई, दाराजवळ बसलेल्या ताई, तुम्हाला कार्यालयानं समारंभ संपेपर्यंत थांबायला सांगितलं होतं ना? समारंभ संपत आला. इकडे या, नाहीतर थांबा, मामा दाखला आणून देतील. त्यांनीच द्यावा. जपून न्या, शाई ओली आहे.

आणि तू, बाळा. डुलकी हे नाव मी आज मागे घेते. ते मागे घ्यायला शिक्का लागत नाही, पण ते पुसायला माझ्याकडे रबरही नाही, हे मला कळतं. तू समितीसमोर खरं उत्तर दिलं होतंस. पूर्ण मार्क. मी तुझ्याकडे क्षमा मागते आणि ती तू आज द्यावीस असं माझं म्हणणं नाही. घरी जा, झोप काढ, आणि मग ठरव.

राहिलं शून्य तासाचं. अध्यक्षमहोदय, त्याला माझं नाव देऊ नका. तो तास मी सुरू केला, तो बंद करण्याची विनंती करणारा दुसरा अर्जही मी या पाकिटातून तुम्हाला देते आहे, सहा वर्षांचे मार्कपट जोडून. त्याची पोच मागत नाही. तो नुसता वाचा, पण सकाळी सहाला वाचू नका. नीट झोप झाल्यावर, अकराच्या सुमाराला वाचा, म्हणजे डोक्यात शिरेल.

आपण सगळ्यांनी माझ्यासाठी एवढा समारंभ घडवून आणलात, पहाटे उठून खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव काढलं, त्याबद्दल मनापासून आभार. सहकाऱ्यांनो, तुमच्याबरोबर एकतीस वर्षं भांडले आणि डबाही खाल्ला, दोन्हींची आठवण येईल. माझ्या बोलण्यात काही कठोर शब्द गेले असतील, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर त्याबद्दल क्षमा असावी. जे खरं बोलले त्याबद्दल क्षमा मागत नाही.

माझा शेवटचा तास आज अकराला आहे, दहावी ब वर. ज्याला गणितातलं काही विचारायचं असेल त्यानं तेव्हा विचारावं.

एवढं बोलून मी आपली रजा घेते. टाळ्या मात्र वाजवू नका. मुलं झोपली आहेत.